भातशेतातली इंग्रजी पाटी

मी इंग्रजी शिकवतो आणि इंग्रजीवर माझा विश्वास नाही. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत हे मी आजवर कुणाला कळू दिलं नाही. मोखाड्याच्या शाळेत फळ्यापुढे उभा राहून नियम सांगताना माझा आवाज असा लागतो, जणू ते नियम मीच कुठून तरी तपासून, शिक्का मारून आणलेत. आतून मात्र दरवेळी वाटतं की हे सगळं कुणीतरी आपल्याला गंडवायला रचलेलं असणार.

आता वाक्य ‘अँड’ने सुरू करू नये, हा नियम घ्या. मला तो जव्हारला माझ्या सरांनी सांगितला, मी तो पुढे सांगत राहिलो. एकदा नववीतल्या एका मुलीनं पाठ्यपुस्तकच उघडून पुढे धरलं. धड्यातला एक परिच्छेद चक्क ‘अँड’ने सुरू होत होता.

“सर, हे चुकलंय का?”

“मोठ्या लेखकांना परवानगी असते.”

“कोण देतं?”

“बस खाली.”

ती बसली. पण वर्गातून जो दबका हुंकार आला तो माझ्या ओळखीचा होता. कचेरीत साहेब ‘उद्या या’ म्हणाला की रांगेतून तसाच येतो.

कॉमाचं तर बोलायलाच नको. वाचताना जिथं दम घ्यावासा वाटतो तिथं कॉमा द्यायचा, असं आमच्या सरांनी शिकवलं होतं. मीही तेच शिकवतो. माझी पोरं पाड्यांवरून डोंगर उतरून, ओहोळ ओलांडून शाळेत येतात. त्यांना दम लागतच नाही. पानभर निबंधात एक कॉमा सापडायचा नाही. आणि मी, जव्हारहून जीपमध्ये बसून येणारा, शाळेच्या पायऱ्या चढलो तरी धापा टाकणारा. माझ्या साध्या रजेच्या अर्जात दर दोन-तीन शब्दांमागे कॉमा. बायको म्हणते, “अहो, तुमचा अर्ज वाचून साहेबाला खरंच वाटेल, माणूस आजारी आहे म्हणून.”

नाशिकला कॉलेजात असलेली मुलगी तर मला फोनवर इंग्रजीत लिहूच देत नाही. मी वाक्य संपलं की पूर्णविराम देतो. तिच्या पिढीत पूर्णविराम दिला म्हणजे माणूस रागावलाय असं धरतात. ‘वेळेवर जेव’ एवढंच लिहिलं होतं, तर तिचा घाबराघुबरा फोन आला. “बाबा, काय झालं? आई बरी आहे ना?”

जीपमध्ये मी हे सगळं रंगवून सांगायचो आणि लोक हसायचे. हसवणाऱ्या माणसाकडे कुणी संशयानं बघत नाही, हे मला लवकर कळलं होतं. जे सांगायचो नाही, ते आता लिहितो.

माझा एक सोबती आहे. जव्हारला वसतिगृहात आम्ही एकाच पत्र्याखाली वाढलो. मी जवळच्याच जामसर गावचा, तो दाभोसा धबधब्याच्या वाटेवरच्या एका पाड्यावरचा. त्यानं आठवीनंतर शाळा सोडली. पावसाळ्यात घरचं भात आणि नागली, दिवाळीनंतर ठाण्याकडे बांधकामावर मजुरी, असं त्याचं वर्ष जातं. मी शिकत गेलो आणि मास्तर झालो. तो मला मास्तरच म्हणतो, पण त्यात मान किती आणि चेष्टा किती, हे मी कधी तपासून पाहिलं नाही.

त्याचं शेत धबधब्याकडे जाणाऱ्या पायवाटेला लागून आहे. पावसाळ्यात शहरातले लोक धबधबा बघायला येतात आणि चिखल टाळायचा म्हणून सरळ त्याच्या शेतातून चालतात. पालापाचोळा आणि फांद्या जाळून भाजलेल्या वाफ्यात आम्ही भाताची रोपं वाढवतो, त्याला राब म्हणतात. नेमका तो राबच वाटेला लागून. हिरवागार, मऊ, गालिच्यासारखा. पाहुण्यांना फोटो काढायला त्याहून चांगली जागा नाही.

राबात रोपं बोटभर वर आली होती तेव्हा तो माझ्या घरी आला. दारात चपला काढून, पाय पायपुसण्याला दोनदा घासून, तो भिंतीशी बसला.

“मास्तर, एक पाटी लिवून दे.”

“कसली?”

“ह्या धबधब्याच्या लोकांना. गेल्या साली अर्धा राब तुडवला, वर बाटल्या टाकून गेले. मी बोललो तर म्हणतात, क्या बोल रहा है. तू इंग्रजीत लिव. हितं भात हाय, बाजूनं जा. बस.”

सगळं त्यानंच सांगून टाकलं होतं. त्याचं इंग्रजी सातवीतल्या पोरानंही केलं असतं, आणि तिथंच मला टोचलं. इतकी वर्षं इंग्रजी शिकवणाऱ्या माणसाकडे येऊन सातवीतल्या पोराचं काम सांगतोय? बायको चहा घेऊन आली होती, ती बघत उभी राहिली. जव्हारचा पेंटर ही पाटी रंगवणार, मुंबईचे लोक ती वाचणार. या डोंगरातही नीट इंग्रजी जाणणारा कुणी आहे, हे त्यांना कळायला नको?

मी कागद घेतला आणि लिहिलं, “नोटीस. द पब्लिक इज हिअरबाय इन्फॉर्म्ड दॅट एंट्री अपॉन दीज प्रिमायसेस, विदाउट प्रायर परमिशन, इज स्ट्रिक्टली प्रोहिबिटेड. ट्रेसपासर्स शॅल बी प्रॉसिक्यूटेड.” म्हणजे, जनतेला कळवण्यात येतं की पूर्वपरवानगीशिवाय या आवारात शिरण्यास सक्त मनाई आहे आणि घुसखोरांवर खटला भरला जाईल.

मी ते पुन्हा वाचलं. दोन कॉमे, दोन्ही जागच्या जागी. ‘अँड’ कुठेच नाही. ‘मी’, ‘तू’ असली घरगुती माणसं कुठेच नाहीत. सगळ्या आयुष्यात मी इतकं निर्दोष काही लिहिलं नव्हतं. त्यात भात मात्र कुठेच नव्हता.

त्यानं कागद हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला.

“यात भात कुठं लिवलाय?”

मी ‘प्रिमायसेस’वर बोट ठेवलं.

“लांब हाय रे भात, इंग्रजीत,” तो म्हणाला आणि कागद घडी करून खिशात ठेवला.

पेंटरकडे मी त्याच्याबरोबर गेलो. पांढऱ्या पत्र्यावर काळी अक्षरं आणि ‘नोटीस’ तेवढी लाल, असं मीच सुचवलं. पेंटरनं कागद वाचला, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, “सर, कुठल्या खात्याचं काम हे?” मी नुसता हसलो. मला बरं वाटलं होतं, हे आज कबूल करायला हवं. त्याच वेळी शंका यायला पाहिजे होती. मी एरवी कुठल्याही गोष्टीवर शंका घेतो.

कारण आमच्याकडे शेतात इंग्रजी पाटी लागते ती काही उगाच नाही. आधी पांढऱ्या गाडीतून कुणी येतं, जागा बघतं, ‘नुसतं बघतोय’ म्हणतं. मग एक दिवस पाटी दिसते. मग तारेचं कुंपण, मग कुणालाच न ओळखणारा राखणदार, आणि मग गुरांची जुनी वाट बंद. आदिवासीची जमीन बाहेरच्याला विकता येत नाही असा कायदा आहे म्हणतात. पण कायदाही इंग्रजीतच असतो, त्यामुळे त्यात नक्की काय आहे याबद्दल पाड्यावर कुणाला खात्री नाही. पाटी मात्र सगळ्यांना कळते. अक्षर वाचता आलं नाही तरी कळते. मी जामसरचा आहे. मला हे ठाऊक नव्हतं, असं म्हणायची सोय नाही.

पाटी लागली त्यानंतरच्या बाजाराच्या दिवशी मी जव्हारहून मोखाड्याच्या जीपमध्ये नेहमीप्रमाणे पुढे बसलो होतो. ती जागा ‘सरांसाठी’ असते. मागे सोबत्याच्या पाड्यावरची एक म्हातारी बसली होती. तिची लेक मोखाड्याकडे दिलेली आहे. तिच्याबरोबर पाड्यावरचेच आणखी दोघं होते. मागून एक हात पुढे आला, त्यात फोन.

“सर, तुम्ही इंग्रजीचे ना? ह्यात काय लिवलंय ते सांगा.”

फोनच्या काचेत माझंच वाक्य होतं. पावसाचा एक थेंब नेमका ‘नोटीस’वर पडल्यामुळे ते होतं त्याहून मोठं दिसत होतं.

“मोठ्यानं वाचा की,” ड्रायव्हर म्हणाला. मला वाटलं, हा मला उगाच खोलात ढकलतोय.

मी वाचलं आणि मराठीत अर्थ सांगितला. परवानगीशिवाय आत यायचं नाही. आलात तर कोर्टात खेचतील.

“कोणाची परवानगी?” म्हातारीनं विचारलं.

“ते लिहिलेलं नाही.”

“कोर्टात कोण खेचणार?”

“तेही लिहिलेलं नाही.”

“नाव नाय, गाव नाय,” शेजारचा माणूस म्हणाला. “म्हंजे इकली त्यानं. आमाला बोलला, भातासाठी पाटी लावतो. आता भाताचं नावच नाय त्यात.”

“त्याला कुठं इंग्रजी येतंय? कोणी लिवली असंल, सर?” दुसऱ्यानं विचारलं.

तेव्हा मी सांगू शकत होतो. जीप घाटाच्या वळणावर होती आणि सगळे माझ्या मानेकडे बघत होते. पण त्या सुमारास एक कुजबुज चालू होती की कुणी मास्तर बाहेरच्यांना जमिनी दाखवत फिरतो. कोण, हे कुणाला माहीत नव्हतं, म्हणून तालुक्यातल्या प्रत्येक मास्तराला ती आपल्याबद्दलच आहे असं वाटायचं. ‘मी लिहिली’ म्हणालो असतो तर दलाल मीच, हे तिथंच ठरलं असतं. निदान मला तसं वाटलं.

“कंपनीची भाषा दिसते,” मी म्हणालो.

मोखाड्याला उतरताना म्हातारी मला म्हणाली, “बरं झालं सर, तुम्ही भेटले.”

यानंतर मी जे केलं ते पाटी लिहिण्याहून वाईट होतं. मी माझ्या सोबत्यावर संशय घ्यायला लागलो. चुका हुडकायचाच मला पगार मिळतो, त्यामुळे संशयाचं वेगळं शिक्षण लागलं नाही. त्यानं खरंच जमीन कुणाला दिली नसेल कशावरून? इतकी वर्षं राब तुडवला गेला तेव्हा त्याला पाटी सुचली नाही, आताच कशी सुचली? ठाण्याहून येताना त्याच्या अंगात नवं जर्किन होतं, ते कुठून आलं? इंग्रजीच हवं, असा हट्ट का? एकेक पुरावा जमत गेला तसं मला हलकं वाटू लागलं. त्यानं जमीन दिली असेल, तर जीपमध्ये मी खोटं बोललोच नव्हतो.

हा सगळा हिशेब मी बायकोपुढे मांडला. ती तांदूळ निवडत होती.

“पाटी तुम्हीच लिहिलीत ना?” ती म्हणाली. “मी चहा घेऊन उभी होते.”

“लिहिली मी. पण त्यानं का लिहून घेतली, हा प्रश्न आहे.”

“भात आहे, बाजूनं जा, असं म्हणाला तो. मी ऐकलंय.” तिनं सूप खाली ठेवलं. “जीपमध्ये काय म्हणालात तुम्ही?”

मी सांगितलं नाही. तिनं पुन्हा विचारलंही नाही, आणि त्यामुळे मला तिचाही संशय येऊ लागला की हिला कुणीतरी सांगितलंय.

मग एक दिवस तो शाळेत आला. मधली सुट्टी होती. अंगावर प्लास्टिकचा कागद घेऊन तो व्हरांड्याच्या कडेला उभा होता, आत आला नाही.

“मास्तर, पाटीवर काय लिवलंयस?”

“तू सांगितलंस तेच.”

“बाजूनं जा?”

“तसंच. जरा वेगळ्या शब्दांत.”

“एक बाई आलेली धबधब्याला. तिनं वाचलं आन मला विचारते, मालिक कौन है. मी म्हटलं, मीच. तर हसली, म्हणाली, भैया झूठ मत बोलो.” त्यानं अंगावरच्या कागदाचं पाणी झटकलं. “लोक आता बाजूनं जातात, ते खरं हाय. राब चांगला हाय.”

“मग झालं की.”

“आवणीला मला कोणी बोलवलं नाय.”

ही गोष्ट शहरातल्या वाचकाला सांगायला हवी. राबातली रोपं उपटून चिखलात लावायची, ती आवणी. पाड्यावर ती कुणी एकटा करत नाही. आज माझ्या शेतात सगळे, उद्या तुझ्या शेतात सगळे. त्यात पैसा नसतो, नुसतं येणंजाणं असतं. ज्याला दुसऱ्याच्या शेतात बोलावलं नाही त्याच्या शेतात कुणी येत नाही. आणि रोपं फार थांबत नाहीत. वेळेत लावली नाहीत तर राबातच जून होतात, पिवळी पडतात, मग लावूनही धरत नाहीत. वर्षाचा तांदूळ त्या थोड्या दिवसांवर असतो.

“शेजाऱ्याकडं सगळे जमलेले बघून मी आपणच गेलो,” तो म्हणाला. “चिखलात उतरलो. तर गाणं म्हणत होत्या त्या बाया गप झाल्या. एकानं विचारलं, तुझ्या मालकाला विचारून आलास काय? मी परत आलो.”

मी बोटांवरची खडूची भुकटी झटकली.

“जीपमध्ये तू वाचून दाखवलंस म्हणे.”

“हो.”

“कंपनीची भाषा म्हणालास म्हणे.”

तेवढ्यात घंटा झाली. मी आयुष्यात शाळेच्या घंटेचे इतके आभार कधी मानले नाहीत.

“तास आहे माझा,” मी म्हणालो.

“हां. जा,” तो म्हणाला. वर्गात शिरल्यावर माझ्या लक्षात आलं, त्याला सगळं आधीच माहीत होतं. तो विचारायला आलाच नव्हता. मला बोलायची एक संधी द्यायला, पावसातून दोन जीपा बदलून आला होता.

घरी जाऊन मी कागद घेतला. दुसरं काही मला करताच येत नाही. ‘सदर पाटीसंदर्भात काही गैरसमज निर्माण झाला असल्याचे निदर्शनास आले असून…’ इथवर आलो आणि थांबलो. इंग्रजीला मी उगाच दोष देत आलो होतो. मराठीतही मी तेच करत होतो. गैरसमज जणू अळंब्यासारखा आपोआप उगवला होता. बायकोनं मागून डोकावून वाचलं.

“हे कुणाला देणार?”

“ग्रामपंचायतीत. एक प्रत पाड्यावर.”

“म्हणजे अजून एक पाटी,” ती म्हणाली. “चालत जा आणि तोंडानं सांगा.”

रविवारी गेलो. जीपनं फाट्यावर सोडलं, पुढे पायी. वाटेत मी काय बोलायचं त्याची वाक्यं जुळवत होतो, आणि प्रत्येक वाक्यात मला स्वतःला कुठे लपवता येईल ते बघत होतो. पाड्याजवळ आलो तर म्हातारीच्या शेतात आवणी चाललेली. सगळा पाडा ओळीनं वाकलेला, डोक्यावर प्लास्टिकचे कागद, गाणं चालू. बांधापलीकडे माझ्या सोबत्याचं शेत. तिथं तो आणि त्याची बायको, दोघंच. खालचा तुकडाही त्यांचा निम्मा झाला नव्हता. वरच्या तुकड्यात नुसतं पाणी साचलं होतं, आणि वाटेच्या कडेला माझी पाटी, धुऊन स्वच्छ झालेली.

मी बांधावर उभा राहिलो. गाणं थांबलं.

“ती पाटी मी लिहिली,” मी म्हणालो.

कुणी कंबर सरळ केली नाही. म्हातारीनं वाकल्या वाकल्याच विचारलं, “कंपनीनं सांगितलं म्हणून?”

“नाही. त्यानं सांगितलं होतं, इथं भात आहे, बाजूनं जा. मी दुसरंच लिहिलं.”

“का?”

या ‘का’साठी मी वाटेत एकही वाक्य जुळवलं नव्हतं.

“मोठं दिसावं म्हणून.”

“पाटी मोठी?” एकानं विचारलं.

“मी.”

ओळीतून कुणीतरी हसलं. म्हातारी मात्र आता उभी राहिली. हातातली रोपांची जुडी तिनं खाली ठेवली नाही.

“इंग्रजी बरोबर हाय ना ती? चूक नाय ना तिच्यात?”

“चूक नाही.”

“मंग आता खोटं बोलतोस, का जीपमध्ये खोटं बोललास?”

“जीपमध्ये.”

“आता नाय कशावरनं? त्यानंच पाठवला असंल तुला.”

मी बांधापलीकडे पाहिलं. तो वाकून रोपं लावत होता, मान वर केली नाही. माझ्याकडे पुरावा काहीच नव्हता. जीपमध्ये धुतलेल्या कपड्यांत मी एक खोटं वाक्य बोललो आणि ते सगळ्यांनी घरोघरी नेलं. आता खरं बोलत होतो, तर ते तिथंच चिखलात पडलं होतं.

“उपट ती,” म्हातारी म्हणाली.

“काय?”

“पाटी. सरकारची असंल, कंपनीची असंल, तर तू हात नाय लावायचास. भ्यायचास. तुझी असंल तर उपट.”

पाड्याचा हिशेब सरळ होता. मोजणीवाल्यांनी ठोकलेल्या खुंटीला इथं कुणी हात लावत नाही. गुरं बांधत नाहीत की तिला कपडा वाळत घालत नाहीत. ती उपटली तर कोण येईल, सांगता येत नाही. उपटणाऱ्याला ती कुणाची आहे हे नक्की ठाऊक असलं पाहिजे.

मी पाटीपाशी गेलो. समोर उभा राहून वाचली. आणि खरं सांगतो, मला भीती वाटली. ‘शॅल बी प्रॉसिक्यूटेड’ हे मीच घरात चहा पिता पिता लिहिलं होतं. तरी क्षणभर वाटलं, खरंच कुणी येईल काय? मी मागे वळून वाटेकडे पाहिलं. तेही सगळ्यांनी पाहिलं असणार.

खांब सोबत्यानं खोल पुरला होता, कामाचा माणूस तो. मी हलवला, ओढला, मिठी मारून उचलला. धाप लागली. तो मदतीला आला नाही, आणि यावं असं मला वाटलंही नाही. शेवटी खांब एकदम निघाला आणि मी पाटीसकट मागे चिखलात बसलो. तेव्हा पाडा हसला, मोकळा, पोटातून. माझ्या कुठल्याच विनोदाला असे लोक हसले नव्हते. म्हातारी हसली नाही. ती पुन्हा वाकली आणि तिच्याबरोबर बाकीचेही वाकले.

वाटलं होतं, आता सगळे उठून त्याच्या शेतात जातील. तसं झालं नाही. मी त्याच्या बांधाशी जाऊन उभा राहिलो, तर तो म्हणाला, “कपडे धुवून घे वढ्यावर.” मी चिखलात उतरायला लागलो. “नको,” तो म्हणाला. “तू लावलेली परत काढावी लागतील.” त्याची बायको तोंड वळवून हसली. मी तरी रोपांच्या जुड्या राबातून त्यांच्यापर्यंत नेऊन दिल्या. दिवस मावळेपर्यंत आम्ही तिघं, आणि पलीकडे गाणं.

म्हातारीची आवणी उरकल्यावर काही घरं त्याच्याकडे गेली, असं मला नंतर कळलं. सगळी नाही. ज्यानं ‘मालकाला विचारून आलास काय’ म्हटलं होतं त्याचं घर आलं नाही. खालचा तुकडा लावून झाला. वरच्याची रोपं तोवर जून झाली होती, ती गुरांना घातली. वरचा तुकडा त्या वर्षी तसाच राहिला. दिवाळीनंतर तो ठाण्याला गेला तेव्हा नेहमीपेक्षा लवकर गेला. माझ्यामुळे, असं तो म्हणाला नाही. दुसरं कारण मात्र मला सापडलेलं नाही, आणि मी शोधणं आता सोडलंय.

पत्रा त्यानं टाकून दिला नाही. कोंबड्यांच्या खुराड्यावर उलटा घातलाय. खाली वाकून बघितलं तर आतल्या बाजूला सगळं वाचता येतं. पूर्वपरवानगीशिवाय प्रवेश नाही, आणि त्याखाली कोंबड्या अंडी घालतात.

यंदा राबाच्या कडेला त्यानं करवंदीची काटेरी फांदी आडवी टाकलीय. मला काही विचारलं नाही.

मागच्या बाजाराला तो जव्हारला माझ्याच जीपमध्ये चढला, टोपलीत कोंबड्या घेऊन मोखाड्याला निघालेला. मी पुढची जागा सोडून हल्ली मागे बसतो. ड्रायव्हरला ते आवडत नाही. त्यालाही आता माझा काहीतरी डाव वाटतो. वाटेत एका पाड्यावर माझ्या वर्गातली ती मुलगी चढली, परवानगी कोण देतं असं विचारणारी. ती आता दहावीत आहे. तेवढ्यात सोबत्याचा फोन वाजला. इंग्रजी मेसेज होता. बँकेचा असेल, फोन कंपनीचा असेल. तो बघत राहिला, मग त्यानं मान वर केली. मी हात पुढे केला होता.

त्यानं माझ्या हाताला वळसा घालून फोन त्या मुलीकडे दिला.

“पोरी, काय लिवलंय बघ.”

तिनं फोन घेतला, ओठ हलवत एकदा मनात वाचलं आणि अडखळून माझ्याकडे बघितलं.

“सर, हे ‘अँड’ने सुरू होतंय.”

“चालतं,” मी म्हणालो. “वाच त्याला.”

तिनं वाचलं, मग मराठीत सांगितलं. तो नीट ऐकत होता, टोपलीवर हात ठेवून. सांगून झाल्यावर त्यानं विचारलं, “नक्की?” ती हो म्हणाली. मग त्यानं, पहिल्यांदाच, माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. त्यानं ती पाहिली, आणि तरी त्या पोरीला पुन्हा एकदा वाचायला लावलं.